मेहेरबानीच्या शहरात

भाचीची अमेरिकेच्या नागरिकत्वाची परीक्षा जवळ आली, तेव्हा तिची उजळणी घ्यायचं काम माझ्याकडे आलं. ती डॅलसजवळ, मी काचीगुड्यात. तिकडे रात्रीची भांडी आवरून झालेली असायची आणि इकडे माझा सकाळचा चहा चाललेला असायचा. तिथल्या सरकारनंच छापलेली शंभर प्रश्नांची यादी होती. त्यातले दहापर्यंत विचारायचे, सहा बरोबर आले की सुटका. (आता ती यादी १२८ प्रश्नांची झाली आहे, वीस विचारतात आणि बारा यावे लागतात.) देशाचा सर्वोच्च कायदा कोणता? राज्यघटना. स्वराज्याची कल्पना घटनेच्या पहिल्या तीन शब्दांत आहे, ते शब्द कोणते? वी द पीपल. सरकारचं एक अंग शिरजोर होऊ नये म्हणून काय योजना? सत्तेची विभागणी आणि एकाचा दुसऱ्यावर वचक. कायद्याचं राज्य म्हणजे काय? कायद्यापेक्षा कोणीही मोठा नाही.

हे शेवटचं उत्तर ती पाढ्यासारखं म्हणून टाकायची आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायची. मी मात्र तिथं अडखळायचो. माझ्या गॅलरीपासून वीसेक मिनिटं चाललं की किंग कोठी येते. कायद्यापेक्षा मोठा असलेला माणूस, हैदराबादचा निजाम, तिथं राहत होता, आणि ही काही फार जुनी गोष्ट नाही. माझ्या आजोबांनी वकिलीची सनद त्याच्या राज्यात, उर्दूत परीक्षा देऊन मिळवली होती.

हैदराबादेत वाढलेल्या माणसाला अमेरिकेची घटना समजून घेताना जी अडचण येते ती बुद्धीची नसते, संस्कारांची असते. हे शहर लिहाजाचं. लहान पोरालाही 'आप' म्हणणारं. इथं ओळखीच्या दुकानात पावती मागितली की मालकाचा चेहरा उतरतो, 'हमारे पे भरोसा नहीं क्या?' म्हणतो, आणि आपल्यालाच ओशाळल्यागत होतं. थोरांनी दिलेलं दोन्ही हातांनी घ्यायचं आणि 'मेहेरबानी' म्हणायचं, ही इथली रीत. महाराष्ट्रातून येणारे पाहुणे या गोडव्यावर भाळतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. पुण्यात याच्या बरोबर उलट. तिथं अविश्वास पाटी लावून जाहीर करतात. खरं सांगायचं तर अमेरिकेची घटना रचणाऱ्या जेम्स मॅडिसनला पुणं अधिक मानवलं असतं.

कारण १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात जमलेल्या पंचावन्न जणांनी जे लिहिलं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत 'भरोसा नाही' असंच म्हणतं. बोलणी बाहेर फुटू नयेत म्हणून त्यांनी ऐन उकाड्यात खिडक्या लावून घेतल्या होत्या, म्हणजे शेजाऱ्यांवरही भरवसा नव्हता. राजावर नव्हताच, त्याच्याशी नुकतीच लढाई झाली होती. राष्ट्राध्यक्षावर नाही, म्हणून त्याच्या हाती फौज दिली पण युद्ध पुकारायचा अधिकार काँग्रेसकडे, म्हणजे तिथल्या संसदेकडे, ठेवला. काँग्रेसवर नाही, म्हणून तिची दोन सभागृहं केली. लोकांवरही पुरता नाही, म्हणून सिनेटर लोकांनी न निवडता राज्यांच्या विधिमंडळांनी निवडायचे. माणसं देवदूत नसतात, राज्य करणारी तर नसतातच, हे गृहीत धरून मॅडिसननं सगळी मांडणी केली. उद्या चांगला माणूस येईल या आशेवर त्यातलं एकही कलम उभं नाही. लिहाजात वाढलेल्या माझ्यासारख्याला हे वाचताना आधी जरा उद्धटच वाटतं.

आमच्याकडे मात्र एके काळी चांगला माणूस आला होता, किंवा चांगलं काम तरी झालं होतं, आणि ते हैदराबादचा इतिहास सांगताना हटकून राहून जातं.

नया पुलावर उभं राहिलं की मुशीच्या काठावर हायकोर्ट दिसतं. गुलाबी ग्रॅनाइट, तांबडा वालुकाश्म, वर घुमट. १९०८ च्या महापुरात ही नदी शहराचा लचका तोडून गेली, त्यानंतर काठ बांधून काढले आणि १९१५ ते १९१९ या काळात ही इमारत उभी राहिली. आराखड्यामागं व्हिन्सेंट एश या इंग्रज वास्तुविशारदाचा हात. २० एप्रिल १९२० रोजी सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी तिचं उद्घाटन केलं. पुढच्याच वर्षी, सदर-ए-आझम, म्हणजे पंतप्रधान, सर अली इमाम यांच्या काळात, निजामांचं फर्मान निघालं आणि हैदराबाद संस्थानात न्यायखातं कारभारापासून संपूर्ण वेगळं झालं.

याचं मोल कळायला शेजारी पाहावं लागतं. सोलापूर तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. तिथं सारा वसूल करणारा, पोलिसांवर देखरेख ठेवणारा आणि आरोपीला तुरुंगात धाडणारा अधिकारी एकच असू शकत होता. हे तोडा म्हणून राष्ट्रीय सभा जवळजवळ स्थापनेपासून ठराव करत होती आणि सरकार ते दप्तरी लावत होतं. मुंबई राज्यात या विभागणीचा कायदा झाला १९५१ साली. म्हणजे नांदेडच्या कुळाला अव्वल तालुकदाराच्या, म्हणजे कलेक्टरच्या, धाकाबाहेरचा मुन्सिफ, निदान कागदावर तरी, सोलापूरच्या कुळाआधी तीस वर्षं मिळाला. मोंतेस्क्यू या फ्रेंच पंडितानं सांगितलेलं आणि मॅडिसननं घटनेत बसवलेलं सत्तेच्या विभागणीचं तत्त्व आमच्याकडे एका अनियंत्रित राजाच्या फर्मानानं आलं.

आजोबा या फर्मानाचं कौतुक करत. 'त्या एका बाबतीत आम्ही इंग्रजांच्या पुढं होतो,' असं म्हणत आणि लगेच गप्प होत. त्या गप्प होण्याचं कारण मला पुष्कळ उशिरा उमगलं. न्यायाधीश वेगळा झाला, पण ज्यानं वेगळा केला तो कुणापासूनच वेगळा झाला नाही. हायकोर्टाच्या वर ज्युडिशियल कमिटी होती आणि कमिटीच्या वर खुद्द हुजूर. कायदा हुजूरच करत, दिवाण हुजूरच नेमत, न्यायाधीशही तेच नेमत. पायगा उमरावांच्या आणि इतर मोठ्या जहागिरींची तर स्वतःची न्यायालयं आणि स्वतःचे पोलीस होते. फर्मानानं जे दिलं ते फर्मानानं परत घेता येत होतं. घेतलं नाही, ही पुन्हा मेहेरबानीच.

आणि न्यायालयापर्यंत जायच्या आधीची वाट बंद होती. गश्ती निशाण ५३ हे नाव मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना अजून आठवत असेल. गश्ती म्हणजे सरकारी परिपत्रक, आणि या गश्तीप्रमाणे सभा घ्यायची तर आगाऊ परवानगी हवी. अमेरिकेच्या घटनेत १७९१ साली जी पहिली दुरुस्ती झाली तिनं काँग्रेसला बजावलं की भाषण, छापखाना, शांततेनं जमणं आणि गाऱ्हाणं मांडणं यांच्या आड येणारा कायदाच करायचा नाही. इकडे विधिमंडळानं केलेला कायदाही लागत नव्हता, एक गश्ती पुरे होती. १९३८ च्या सप्टेंबरात हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली, तेव्हा ती संस्था रीतसर स्थापनही झालेली नव्हती. जन्माआधी बंदी घातलेल्या या संस्थेसाठी ऑक्टोबरात गोविंदराव नानल यांनी सत्याग्रह सुरू केला, मागोमाग स्वामी रामानंद तीर्थ गेले, आणि तुरुंग भरले. त्याच हिवाळ्यात उस्मानिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हटलं म्हणून त्यांना काढून टाकण्यात आलं. नागपूर विद्यापीठानं त्यांना आसरा दिला. त्यांत पी. व्ही. नरसिंह राव होते. ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' त्यांनी पुढं तेलुगूत नेली, ती मराठीची जवळीक या भटकंतीचंही देणं असावं असं मला वाटतं. स्टेट काँग्रेसवरची बंदी उठायला १९४६ उजाडलं.

या आठ वर्षांत हायकोर्टाचे घुमट तिथंच होते. न्यायखातंही स्वतंत्र होतं. सत्तेची नुसती वाटणी करून काही होत नाही, वाटणी कुणी केली हे पाहावं लागतं, आणि फिलाडेल्फियातली खरी नवलाई मला त्यात दिसते. विभागणीची युक्ती युरोपात आधीच लिहिली गेली होती. हे काम आम्ही लोक करतो आहोत, असं म्हणण्याची छाती मात्र नवी होती.

अर्थात त्या 'आम्ही'त कोण होतं? बायका नव्हत्या. तिथले मूळ रहिवासी नव्हते. गुलाम तर अशा रीतीनं होते की नसते तर बरं झालं असतं. प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलामांच्या संख्येचे तीन पंचमांश धरायचे, आणि त्यानं वाढलेल्या जागा त्यांच्या मालकांना मिळायच्या. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, ती घटना लिहिणाऱ्यांना नव्हे, गुलामगिरी मोडायला झटलेल्यांना. अमेरिकेचं नेमकं काय घ्यायचं हे ज्योतिबांना आमच्या आधी कळलं होतं. काही जण आपणहून त्या 'आम्ही'बाहेर राहिले. ऱ्होड आयलंड नावाच्या चिमुकल्या राज्यानं तर फिलाडेल्फियाला माणूसच पाठवला नाही. वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष होऊन वर्ष उलटल्यावर, मे १७९० मध्ये, ३४ विरुद्ध ३२ मतांनी त्यांनी कशीबशी मान्यता दिली.

आपल्या घटनेचा ऱ्होड आयलंड म्हणजे हैदराबाद, फक्त चिमुकला नव्हे. १९४१ च्या शिरगणतीत एक कोटी साठ लाखांवर वस्ती, म्हणजे तेलंगण, कन्नड जिल्हे आणि औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे आपले पाच. दिल्लीच्या घटना समितीत २६ नोव्हेंबर १९४९ रोजी 'आम्ही, भारताचे लोक' या शब्दांनी सुरू होणारी घटना स्वीकारली गेली, तेव्हा या लोकांचा एकही प्रतिनिधी तिथं बसलेला नव्हता. मग त्यांचा 'आम्ही' कुठून आला? फर्मानातून. तीन दिवस आधी, २३ नोव्हेंबरला, निजामांनी जाहीर केलं की भारताची घटना हीच हैदराबादची घटना राहील, पुढं लोकांची मान्यता मिळण्याच्या अधीन. ज्या लेखणीनं हुकूम सुटायचे तिनंच हुकमाचं राज्य संपवलं. पाठीमागं भारतीय फौजेचं पोलीस ॲक्शन होतं, जनरल चौधरींचा लष्करी अंमल होता, तेव्हा त्या लेखणीला फारसा पर्याय उरलेला नव्हता हे उघड आहे. तरीही लोकांचं राज्य आमच्याकडे आलं ते राजाच्या सहीनं, हे काही केल्या पुसता येत नाही. २६ जानेवारी १९५० ला तेच निजाम राजप्रमुख, म्हणजे राज्याचे घटनात्मक प्रमुख, झाले.

आता जे सांगायचं ते सतरा सप्टेंबरला, मुक्तिदिनी, झेंडा फडकवणाऱ्या आपणा सगळ्यांना जरा जड जाईल. अविश्वास निजामावर ठेवणं सोपं आहे. तो गेल्यावर आलेल्या आपल्या माणसांवर ठेवायचा तर जीव कचरतो.

तेलंगणातल्या नळगोंडा जिल्ह्यात जमीनदार देशमुखांविरुद्ध कम्युनिस्टांनी सशस्त्र लढा मांडला होता, तो भारतीय फौज आल्यावरही थांबला नाही. नव्या अमलानं खास न्यायाधिकरणं नेमली. ऑगस्ट १९४९ मध्ये त्यांनी खुनाच्या खटल्यांत अनेकांना दोषी ठरवलं, आणि बारा जणांना फाशी सुनावली गेली. डिसेंबरच्या मध्यावर हैदराबाद हायकोर्टानं अपिलं फेटाळली. म्हणजे घटना स्वीकारून झाली होती, लागू व्हायला सहा आठवडे उरले होते, आणि त्या फटीत हा निकाल पडला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. ते तेव्हा संसद भवनातल्या नरेंद्र मंडळाच्या दालनात, म्हणजे संस्थानिकांसाठी बांधलेल्या दालनात भरत असे. लंडनहून डी. एन. प्रिट हे बॅरिस्टर आरोपींसाठी आले. कोर्टानं डिसेंबर १९५० मध्ये सांगितलं की अपिलाची परवानगी देता येत नाही, कारण ज्या दिवशी हैदराबाद हायकोर्टानं निकाल दिला त्या दिवशी ते भारताच्या हद्दीतलं न्यायालयच नव्हतं. फौज हद्दीत येऊन पंधरा महिने झाले होते, पण घटना पोचायची होती.

मग दुसऱ्यांदा, या वेळी बंदीप्रत्यक्षीकरणाचा (हेबियस कॉर्पसचा) अर्ज झाला, आणि इथं अमेरिका सरळ हैदराबादच्या फिर्यादीत शिरते. आरोपींची तक्रार होती की जिवावरच्या खटल्यात आम्हाला बचावासाठी वकील मिळाला नाही. त्यांच्या बाजूनं पॉवेल विरुद्ध अलाबामा हा १९३२ चा निकाल पुढं ठेवला गेला. मार्च १९३१ मध्ये अलाबामात एका मालगाडीतून नऊ काळ्या पोरांना उतरवलं, गोऱ्या मुलींवर अत्याचाराचा खोटा आळ घातला, आणि दोन आठवडे होतात न होतात तोच खटला उभा केला. वकील नावालाच होता. आठ जणांना फाशी ठोठावली गेली. वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टानं ती शिक्षा रद्द केली. अडाणी, गरीब माणूस मरणाच्या दारात उभा असताना त्याला खराखुरा वकील न देणं म्हणजे न्यायाची रीतच मोडणं, असं सात विरुद्ध दोन मतांनी ठरलं. हे घडलं ते चौदाव्या दुरुस्तीच्या आधारानं, आणि ती दुरुस्ती यादवी युद्धानंतर, गुलामीतून सुटलेल्यांना नागरिक करण्यासाठी झालेली. तीन पंचमांश मोजलेल्या माणसांच्या नातवंडांनी ती घटना आपल्या बाजूला ओढून घेतली होती.

अलाबामाच्या पोरांना जे मिळालं ते नळगोंड्याच्या शेतकऱ्यांना मिळालं नाही. १६ मार्च १९५१ रोजी न्यायमूर्ती फझल अली यांनी निकाल वाचला. अमेरिकेतला तो दाखला तिथल्या घटनेतल्या 'ड्यू प्रोसेस'वर, म्हणजे न्याय्य पद्धतीच्या हमीवर, उभा आहे, आपल्याकडे आरोपीला वकील लावायचा हक्क आहे पण वकील नव्हता एवढ्यावरून खटला आपोआप रद्दबातल ठरत नाही, असा त्याचा मथितार्थ. मला यात चुटपुट लागते ती न्यायमूर्तींमुळे. आदल्याच वर्षी कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या स्थानबद्धतेच्या खटल्यात हेच फझल अली एकटे उभे राहून म्हणाले होते की कायद्यानं ठरवलेल्या पद्धतीला न्यायाचीही अट असली पाहिजे. आपल्या घटनेत 'ड्यू प्रोसेस' हे शब्द आले नाहीत यामागं घटना समितीचे सल्लागार बेनेगल नरसिंह राव यांची १९४७ ची अमेरिका भेट आहे. तिथले न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी त्यांना या शब्दांपासून जपून राहायला सांगितलं, आणि अनुच्छेद २१ मध्ये 'कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती' एवढंच उरलं. कोलंबियात शिकलेल्या बाबासाहेबांनी घटना समितीत या वादाच्या दोन्ही बाजू मांडल्या आणि निर्णय सभागृहावर सोपवला. एक बाजू कायदेमंडळावर अविश्वासाची, दुसरी न्यायाधीशांवर अविश्वासाची.

त्या बारा जणांची फाशी पुढं जन्मठेपेवर आली. देशात आणि परदेशात झालेल्या ओरडीचा त्यात मोठा वाटा होता. आणि फर्मानात म्हटलेली लोकांची मान्यता? पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत नळगोंड्यानं लोकसभेवर रावी नारायण रेड्डींना पाठवलं. ते त्याच लढ्याचे पुढारी, आणि त्यांना मतं पडली पंडित नेहरूंपेक्षा जास्त. ज्या घटनेनं आपल्या माणसांना हात दिला नाही तिच्याच मतपेटीत नळगोंडा रांग लावून गेला. मला हैदराबादच्या इतिहासातली ही सगळ्यांत थोर गोष्ट वाटते. कुणी कुणाचे आभार मानले नाहीत.

बाकीचं काम पुढं सावकाश झालं. १९७६ साली घटनेत मोफत विधी साहाय्याचा अनुच्छेद ३९ अ आला. १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात सुप्रीम कोर्टानं पद्धत न्याय्य असलीच पाहिजे असं म्हटलं, म्हणजे फझल अलींचं एकट्याचं मत अठ्ठावीस वर्षांनी सगळ्यांचं झालं. त्याच वर्षी होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितलं की तुरुंगातल्या गरीब माणसाला अपिलासाठी वकील देणं हे सरकारचं कर्तव्य आहे, दानधर्म नव्हे.

भाची परीक्षा पास झाली, शपथ घेतली, फोटो पाठवले. तिला विचारलेल्या प्रश्नांत वकिलाच्या हक्काचा प्रश्न नव्हता. आपल्याकडे तर अशी परीक्षाच नसते, म्हणून हे इथंच सांगून ठेवतो. परभणी असो, लातूर असो की हैदराबाद, प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींची माणसं, अपंग आणि कोठडीत असलेला कोणीही यांना तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. इतर गरिबांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. फोन १५१०० वर करता येतो. ओळखीतलं कुणी वकिलाशिवाय कोर्टात उभं राहणार असेल तर त्याला तिथं पाठवा, आणि अर्जात 'कृपया' लिहिलं नाही तरी चालतं हेही सांगा.